हालेप दोषी की निर्दोष? आधी हिशोब समजून घेऊ

४ फेब्रुवारी २०२५ रोजी रोमानियातल्या क्लुज-नापोका शहरात टेनिसपटू सिमोना हालेप पहिल्याच फेरीत इटलीच्या लुसिया ब्रोन्झेत्तीकडून ६-१, ६-१ अशी हरली. मग तिथेच, घरच्या प्रेक्षकांसमोर, माईक हातात घेऊन तिनं आपण टेनिसमधून थांबतोय असं सांगून टाकलं. त्या दिवशी जागतिक क्रमवारीत ती ८७०वी होती. दोन ग्रँड स्लॅम (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना हे नाव), एकूण २४ विजेतेपदं, ६४ आठवडे अव्वल स्थान, बक्षिसांची कमाई चार कोटी डॉलरच्या वर, आणि शेवटच्या सामन्यात मोजून दोन गेम.

हालेपचं नाव काढलं की समोरचा हमखास विचारतो, "ती डोपिंगवाली ना?" जरा जुना टेनिसप्रेमी असेल तर "स्लॅम न जिंकताच नंबर वन झालेली" अशी पुस्ती जोडतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही अर्धवट. एकीमागे क्रमवारीचं गणित आहे, दुसरीमागे डोपिंगचा, म्हणजे बंदी असलेल्या औषधांबाबतचा कायदा. टीव्हीवरचे समालोचक हे सगळं आपल्याला ठाऊक आहे असं धरून बोलतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

आधी तिचा खेळ. जन्म २७ सप्टेंबर १९९१, काळ्या समुद्रावरच्या कॉन्स्टँट्सा बंदरात. वडील एका लहान क्लबकडून फुटबॉल खेळलेले, पुढे दुग्धपदार्थांच्या धंद्यात गेलेले. मोठा भाऊ टेनिस शिकायला जायचा, त्याच्यामागे ही चार वर्षांची असताना कोर्टवर पोचली. २००८ मध्ये फ्रेंच ओपनचं ज्युनियर विजेतेपद मिळालं. पाठीच्या त्रासामुळे सतराव्या वर्षी स्तनांचा आकार कमी करणारी शस्त्रक्रिया करून घेतली. ही गोष्ट तिनं कधी लपवली नाही, पण तिच्या खेळापेक्षा वर्तमानपत्रांनी त्यावरच जास्त शाई खर्च केली.

उंची पाच फूट सहा इंच. महिला टेनिसमध्ये सहा फुटी मुली ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास सर्व्हिस मारत असताना ही उंची कमीच. उंच खेळाडूचा चेंडू वरून खाली येतो, त्यामुळे जोरात मारूनही तो सर्व्हिसच्या चौकोनात पडतो. बुटक्या खेळाडूला तोच जोर लावला तर चेंडू जाळ्यात किंवा रेषेबाहेर. म्हणजे भारी सर्व्हिसवाल्यांना दर गेममध्ये एखाददुसरा गुण फुकटात मिळतो, तो हालेपला मिळत नसे. तिनं त्याची भरपाई पायांनी केली. समोरचीनं मारलेला, आता संपलाच म्हणावा असा फटका ती गाठायची आणि नुसता परत न पाठवता त्याच चेंडूवर कोन बदलायची. तिचा सरळ रेषेतला बॅकहँड आठवतोय त्यांना हे वेगळं सांगायला नको. बचाव करता करता एका फटक्यात हल्ल्यावर येणं हे तिचं खरं कसब. त्याची किंमत म्हणजे लांबलचक सामने आणि दमणारं शरीर.

२०१३ पर्यंत तिच्या नावावर मुख्य दौऱ्यातलं एकही विजेतेपद नव्हतं. त्या वर्षी एकदम सहा आली. जूनमध्ये न्युरेम्बर्गला मातीवर जिंकली आणि पुढच्याच आठवड्यात नेदरलँड्समध्ये गवतावर. मातीवर चेंडू उंच आणि संथ येतो, गवतावर खाली राहून निसटतो. सात दिवसांत दोन्हीकडे जिंकणं सोपं नाही. जानेवारी २०१४ मध्ये ती पहिल्या दहांत शिरली आणि २०२१ पर्यंत तिथून हलली नाही. २०१४ च्या फ्रेंच ओपन अंतिम फेरीत मारिया शारापोव्हानं तिला तीन तास झुंजवून ६-४, ६-७, ६-४ असं हरवलं.

आता क्रमवारी. महिला टेनिसची संगणकीय क्रमवारी १९७५ पासून आहे आणि तिचं तत्त्व एका ओळीत सांगता येतं: गेल्या ५२ आठवड्यांत काय केलंत? ग्रँड स्लॅम जिंकलं तर २००० गुण, अंतिम फेरीत हरलात तर १३००, उपांत्य फेरीत हरलात तर ७८०. त्याखालच्या मोठ्या स्पर्धांना विजेतीसाठी १०००, मग उतरत जातं. वर्षभरातल्या ठरावीक सर्वोत्तम स्पर्धांचेच गुण धरले जातात. खरी मेख पुढे आहे. हे गुण वर्षभरच टिकतात. गेल्या वर्षी विम्बल्डनची अंतिम फेरी गाठून १३०० मिळवले असतील, तर यंदाच्या विम्बल्डनला ते जातात आणि यंदाचे येतात. त्यामुळे अव्वल स्थान कधी स्वतः जिंकून मिळतं, तर कधी दुसरीचे गुण गळाल्यामुळे.

२०१७ सारखं याचं दुसरं उदाहरण सापडणार नाही. मार्चमध्ये मायामीला हालेप योहाना कॉन्टाकडून हरली. तेव्हा महिलांच्या दौऱ्यावर प्रशिक्षकाला सामना चालू असताना कोर्टवर बोलावता येत असे. तिचा प्रशिक्षक डॅरन केहिल येऊन समजावत होता आणि ही मनातून आधीच हरलेली. केहिलनं काम सोडलं. तुझ्या टेनिसमध्ये खोट नाही, वृत्तीत आहे, असा त्याचा रोख होता. तो काही आठवड्यांनी परतला, कारण तिनं वृत्ती खरंच बदलली होती. फ्रेंच ओपनच्या उपान्त्यपूर्व फेरीत एलिना स्वितोलिनाविरुद्ध पहिला सेट गेलेला, दुसऱ्यात १-५ पिछाडी. तिथून मॅच पॉइंट (समोरचीनं जिंकला की सामना संपतो तो गुण) वाचवून ती जिंकली.

अंतिम फेरीत समोर वीस वर्षांची, बिनमानांकित येलेना ओस्टापेन्को. हालेप जिंकली असती तर पहिलं स्लॅम आणि अव्वल स्थान एकदमच मिळालं असतं. पहिला सेट ६-४, दुसऱ्यात ३-० आघाडी. मग ओस्टापेन्कोनं ठरवलं की जो चेंडू येईल तो जीव खाऊन मारायचा. तिचे थेट गुण मिळवणारे फटके झाले ५४, हालेपचे ८. समोरची चुकण्याची वाट पाहणाऱ्या खेळाचा हा कच्चा दुवा: समोरची चुकलीच नाही तर करणार काय? ४-६, ६-४, ६-३.

महिन्याभरात विम्बल्डनला पुन्हा संधी. उपान्त्यपूर्व फेरी जिंकली की अव्वल. विजयापासून दोन गुणांवर असताना सेट ठरवणारा टायब्रेक गेला आणि सामना पुन्हा कॉन्टाकडे. गंमत म्हणजे त्या पंधरवड्यात अव्वल स्थान मिळालं कॅरोलिना प्लिश्कोव्हाला, जी दुसऱ्याच फेरीत हरून बाहेर पडली होती. तोवर अव्वल असलेल्या अँजेलिक केर्बरचे आदल्या वर्षीच्या अंतिम फेरीचे गुण गळाले, हालेपला हवे तेवढे मिळाले नाहीत, आणि प्लिश्कोव्हा पुढे एकही चेंडू न मारता वर सरकली. ऑगस्टमध्ये सिनसिनाटीच्या अंतिम फेरीत तिसरी संधी, आणि तिथे गार्बिन्ये मुगुरुसानं ६-१, ६-० असा धुव्वा उडवला. अखेर ऑक्टोबरमध्ये बीजिंगला, त्याच ओस्टापेन्कोला उपांत्य फेरीत हरवल्यावर, हालेप क्रमांक एकची झाली. अशी पहिली रोमानियन महिला. पुरुषांत इली नास्तासे १९७३ मध्येच तिथे पोचला होता.

स्लॅम नसताना अव्वल होणारी ती सातवी. आधीच्या सहा: क्लायस्टर्स, मॉरेस्मो, यान्कोविच, साफिना, वोझ्नियाकी, प्लिश्कोव्हा. अशा खेळाडूंना हिणवण्याची टेनिसमध्ये रीतच आहे. मला ती पटत नाही. क्रमवारी विचारते की वर्षभर कोण सातत्यानं खेळलं. स्लॅम विचारतं की या दोन आठवड्यांत कोण सरस ठरलं. प्रश्न वेगळे आहेत, उत्तरंही वेगळी येणारच.

जानेवारी २०१८, मेलबर्नची ऑस्ट्रेलियन ओपन. पहिल्याच फेरीत घोटा मुरगळला. तिसऱ्या फेरीत लॉरेन डेव्हिसविरुद्ध तिसरा सेट १५-१३ पर्यंत गेला; पावणेचार तासांच्या त्या सामन्यात तिनं तीन मॅच पॉइंट वाचवले. उपांत्य फेरीत केर्बरविरुद्ध आणखी दोन वाचवून ९-७. अंतिम फेरीत कॅरोलिन वोझ्नियाकीकडून ७-६, ३-६, ६-४ अशी हार, आणि त्यानंतर शरीरातलं पाणी कमी झालं म्हणून थेट रुग्णालय. स्लॅमच्या तीन अंतिम फेऱ्या, तिन्ही तीन सेटच्या, तिन्ही गेलेल्या.

चौथी आली पाच महिन्यांनी पॅरिसला, स्लोन स्टीफन्सविरुद्ध. पहिला सेट ३-६, दुसऱ्यात ०-२. इथून पुढचे सलग चार गेम हालेपचे. आदल्या वर्षी आघाडीवर असताना ती समोरचीच्या चुकीची वाट पाहत मागे मागे गेली होती. या वेळी पिछाडीवर असताना रॅली लांबवून तिनं स्टीफन्सला कोर्टभर पळवलं, आणि तिसऱ्या सेटमध्ये स्टीफन्सचे पाय संपले. ६-४, ६-१. रोमानियाच्या महिलेनं फ्रेंच ओपन जिंकल्याला तेव्हा बरोब्बर चाळीस वर्षं झाली होती. १९७८ ची ती विजेती व्हर्जिनिया रुझिची स्टँडमध्येच होती, कारण ती हालेपची मॅनेजर होती.

२०१९ चं विम्बल्डन आपल्याकडे बऱ्याच जणांनी पाहिलंच नसणार, आणि त्यात त्यांचा दोष नाही. १० जुलैला धोनी धावबाद होऊन भारत विश्वचषकातून बाहेर पडला होता आणि १४ ला लॉर्ड्सवर अंतिम सामना होता. मधल्या शनिवारी, १३ तारखेला, हालेपनं सेरेना विल्यम्सला ६-२, ६-२ असं हरवलं. वेळ लागला ५६ मिनिटं. सेरेनाला विक्रमी चोविसावं स्लॅम हवं होतं. त्या सामन्यात हालेपनं स्वतःहून केलेल्या चुका होत्या फक्त तीन. अंतिम फेरीत, सेरेनाच्या माऱ्यासमोर, तीन! गवतावर ही जिंकेल असं तिच्या चाहत्यांनाही वाटत नसे. विजेतीला त्या क्लबचं आजीव सदस्यत्व मिळतं, ते आपल्याला हवं होतं, असं तिनं नंतर हसत सांगितलं.

पुढची तीन वर्षं पटकन उरकतो. २०२० मध्ये दुबई, प्राग आणि रोम जिंकली. २०२१ मध्ये पोटरीचा स्नायू फाटला, त्यात फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि टोकियो ऑलिम्पिक गेलं. २०२२ मध्ये पॅट्रिक मुराटोग्लू प्रशिक्षक म्हणून आला, विम्बल्डनची उपांत्य फेरी आणि टोरोंटोचं विजेतेपद मिळालं. मग २९ ऑगस्टला यूएस ओपनच्या पहिल्या फेरीत ती हरली आणि नेहमीप्रमाणे लघवीचा नमुना देऊन बाहेर पडली.

नमुन्यात रोक्साडुस्टॅट सापडलं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात रुग्णाचं रक्त कमी होतं, त्यासाठीची ही गोळी आहे. मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक बनवतं आणि ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी तयार करायला सांगतं. रोक्साडुस्टॅट शरीराला ऑक्सिजन कमी पडतोय असं भासवतं, मग संप्रेरक वाढतं, तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना जास्त ऑक्सिजन पोचतो. निरोगी धावणाऱ्या शरीराला याचा काय उपयोग ते सांगायला नको. खेळाडूंसाठी स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही त्यावर पूर्ण बंदी आहे.

आता कायदा. डोपिंगचा नियम साध्या फौजदारी न्यायाहून वेगळा चालतो. शरीरात पदार्थ सापडला म्हणजे उल्लंघन झालं. तो कसा आला, हेतू होता की नव्हता, हे उल्लंघन ठरवताना विचारलंच जात नाही. ते प्रश्न शिक्षा ठरवताना येतात, आणि उत्तर देण्याची जबाबदारी खेळाडूची. या गटातल्या पदार्थाला सुरुवातच चार वर्षांच्या बंदीपासून होते. मुद्दाम घेतलं नाही हे दाखवता आलं तर दोन वर्षं. दूषित उत्पादनातून आलं आणि फारसा निष्काळजीपणा नव्हता हे पटवलं तर दोन वर्षांपासून खाली अगदी नुसत्या समजेपर्यंत. शिवाय अशा पदार्थासाठी निकाल लागेपर्यंत तात्पुरतं निलंबन सक्तीचं असतं. हालेपचं ७ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं.

तिचं म्हणणं होतं की कोलाजेनच्या पूरक पावडरमध्ये हे औषध मिसळलं गेलं होतं. अशी भेसळ मुद्दाम करावी लागते असं नाही. पिठाच्या गिरणीत आपल्या आधी कुणाची बाजरी दळली असेल तर आपल्या गव्हाच्या पिठात तिचा अंश उतरतोच. कारखान्यातही तेच होऊ शकतं आणि आजच्या प्रयोगशाळांना असा सूक्ष्म अंशही दिसतो. ही पावडर आपल्या चमूनं सुचवली होती, असं सांगत मुराटोग्लूनं पुढे जाहीरपणे जबाबदारी घेतली.

मे २०२३ मध्ये दुसरा आरोप आला, आणि तो समजायला अवघड आहे. याला म्हणतात जैविक पासपोर्ट. यात औषध शोधत नाहीत, औषधाचा परिणाम शोधतात. वर्षानुवर्षं खेळाडूच्या रक्ताचे नमुने घेऊन हिमोग्लोबिन आणि नव्या कोवळ्या तांबड्या पेशींचं प्रमाण टिपून ठेवतात. त्यावरून त्या एका व्यक्तीच्या मर्यादा ठरतात. तुलना इतरांशी नसते, तिच्याच आधीच्या रक्ताशी असते. आलेख मर्यादेबाहेर गेला की तीन तज्ज्ञ तो तपासतात. हालेपच्या ५१ नमुन्यांबाबत तिघांनीही डोपिंगची शक्यता दाट असल्याचं मत दिलं.

सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र लवादानं चार वर्षांची बंदी दिली. त्यांचा निकाल नीट वाचण्यासारखा आहे. पावडर दूषित होती हे त्यांनी मान्य केलं. पण तिनं जेवढी घेतली तेवढीतून नमुन्यात सापडलं एवढं प्रमाण येणार नाही, असं ते म्हणाले. वर पासपोर्टचं मत होतंच.

तिनं स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे अपील केलं. ५ मार्च २०२४ ला निकाल आला आणि चारचे नऊ महिने झाले. इथे पुराव्याच्या दोन वेगवेगळ्या मापांकडे लक्ष द्या. खेळाडूला आपली बाजू 'असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त' इतपतच सिद्ध करावी लागते, म्हणजे निम्म्याहून थोडं वर. आरोप करणाऱ्या संस्थेला मात्र त्याहून बराच जास्त, पंचांची नीट खात्री पटेल इतका पुरावा द्यावा लागतो. पावडरच्या बाबतीत भार हालेपवर होता, तो तिनं पेलला. पासपोर्टच्या बाबतीत भार संस्थेवर होता, तो संस्थेला पेलला नाही आणि तो आरोप रद्द झाला. तरीही नऊ महिने लागलेच, कारण पूरक पावडर निवडताना पुरेशी काळजी घेतली नाही एवढा दोष पंचांनी तिच्यावर ठेवला.

म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाला या कायद्याचं उत्तर असं: उल्लंघन झालं, मुद्दाम केलं नाही, निष्काळजीपणा थोडा होता. आपल्याला दोनांपैकी एक शब्द हवा असतो, तो इथे मिळत नाही.

नऊ महिने ६ जुलै २०२३ लाच संपले होते. निकाल आला तोवर तिला कोर्टबाहेर सतरा महिने झाले होते. जास्तीचे आठ महिने परत द्यायची सोय कुठल्याच नियमात नाही. क्रमवारीचं गणित इथे पुन्हा आडवं येतं: ५२ आठवड्यांहून जास्त काळ खेळलं नाही की गुण शून्य. दुखापत झालेल्या खेळाडूला आधीच्या क्रमांकावर स्पर्धांत प्रवेश मिळायची सवलत असते, बंदी भोगलेल्याला नसते. उरतं ते वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांची मर्जी. त्यावर मार्च २०२४ मध्ये मायामीला ती परतली, पाउला बादोसाविरुद्ध पहिला सेट ६-१ जिंकून पुढचे दोन हरली. डोपिंगवरून परतलेल्यांना वाइल्ड कार्ड द्यावं का, यावर वोझ्नियाकीनं नापसंती दाखवली. हालेपला ते लागलं. पण २०१७ मध्ये शारापोव्हा बंदी संपवून परतत होती तेव्हा असं कार्ड देणं बरोबर नाही, असं हालेप स्वतःच म्हणाली होती, हेही नोंदवायला हवं.

गुडघा आणि खांदा साथ देईनात. जिचा सगळा खेळ पायांवर, तिला तेहतिसाव्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यानं शून्यापासून चढायचं होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पोलंडची टेनिसपटू इगा श्वियाँतेक हिच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडल्याची बातमी आली. तिला एका महिन्याची बंदी झाली, आणि लगेच अपील करून तात्पुरतं निलंबन उठवल्यामुळे सगळं निकालापर्यंत गुप्तही राहिलं. हालेपनं जाहीर विचारलं की मग माझ्याशी वेगळी वागणूक का? टेनिसच्या डोपिंगविरोधी संस्थेचं उत्तर असं की श्वियाँतेकची दूषित गोळी पोलंडमध्ये नियंत्रित औषध म्हणून विकली जाते, हालेपचं कोलाजेन हे पूरक उत्पादन होतं. औषधात भेसळ असेल अशी शंका घेण्याची अपेक्षा खेळाडूकडून नसते, पूरक पावडरबाबत असते. हा फरक एक महिना आणि नऊ महिने यातलं अंतर बऱ्यापैकी समजावतो. एकीचा निकाल अडीच महिन्यांत आणि दुसरीचा सतरा महिन्यांत का लागला, हे मात्र तो समजावत नाही.